हीटरचा पंखा जुन्या बाजारातून घेताना : नाशिकच्या नवख्या गाडीवाल्यासाठी

डाव्या सीटवर बसून पायाशी वाका आणि ग्लोव्हबॉक्सच्या खालून वर बघा. मोठ्या नारळाएवढा काळा प्लास्टिकचा गोल डबा दिसेल. त्यात एक मोटर असते आणि मोटरीच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखा पंखा. हीटरची हवा हाच फेकतो आणि एसीचीही हाच. बाजारात याला ‘ब्लोअर मोटर’ म्हणायचं. दुकानात जाऊन ‘हीटरचा पंखा द्या’ म्हणालात की समोरचा गडी ओळखतो, पाहुणा नवा आहे. भाव तिथेच चढतो.

नाशिककराला वर्षातले दहा महिने हीटर लागत नाही, हे खरं. पण निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत पहाटे पाचला गाडी काढणाऱ्याला विचारा. थंडीपेक्षाही जास्त गरज पावसाळ्यात पडते. इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरताना काच आतून धुरकटली आणि ब्लोअर मेलेला असला, की एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं. शेजारी बायको ओरडतेय ते वेगळंच.

माझ्या घराच्या माळ्यावर एक चांगली चालणारी ब्लोअर मोटर पडून आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या हॅचबॅकचा ब्लोअर फक्त चार नंबरवर चालायला लागला. एक, दोन, तीनवर काहीच नाही. मी एका दुकानातून चौदाशे रुपयांना जुनी मोटर आणली, अख्खा रविवार घालवून बसवली, आणि नवा पंखाही चार नंबरवरच चालला! मोटरीला काही झालंच नव्हतं, गेला होता रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा छोटा भाग. दुकानदाराने मला फसवलं नाही. मी मोटर मागितली, त्याने मोटर दिली. म्हणून या लेखातला बराचसा भाग बाजारात पाऊल टाकण्याआधीचा आहे.

आधी घरी बसून ठरवा, गेलंय काय

हवा जोरात येते पण गरम होत नाही, असं असेल तर लेख इथेच सोडून मेकॅनिककडे जा. हीटरची ऊब इंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून येते, पंखा ती फक्त आत ढकलतो. कूलंट कमी झालंय, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा गरम-थंड करणाऱ्या झडपेची केबल निसटलीय, यातलं काहीतरी असेल. नवा पंखा घालून हवा गरम होणार नाही.

फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, हे माझं दुखणं. खालच्या नंबरांवर करंट रेझिस्टरमधून जातो, थोडा विजेचा दाब तिथे खर्ची पडतो म्हणून पंखा हळू फिरतो. शेवटच्या नंबरवर रेझिस्टर वगळून करंट थेट मोटरीला मिळतो. म्हणजे शेवटच्या नंबरवर नीट फिरणारी मोटर ठणठणीत आहे असं धरायला हरकत नाही. पण रेझिस्टर का गेला हेही बघा. त्याला थंड ठेवायला तो मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो आणि जास्त तापला तर त्यातला थर्मल फ्यूज उडतो. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, मातीनं चोंदलेला असेल तर हवा कमी, म्हणून तो तापतो. मोटर जड फिरत असेल तर करंट जास्त ओढते, म्हणूनही तापतो. फिल्टर कधी बदललाय आठवत नसेल, तर आधी तो काढून उजेडात धरा. पंचवटीतून रोज ओझरला जाणाऱ्या एका मित्राच्या फिल्टरमधून उजेडाचा एक किरण पलीकडे जात नव्हता.

अजिबात फिरत नाही, तर पहिल्यांदा फ्यूज. उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा घाला. तोही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट होतेय. ‘तीसचा उडतोय ना, चाळीसचा टाक’ असा सल्ला देणारा प्रत्येक चौकात भेटतो. त्याचं ऐकलंत तर फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळेल. फ्यूज शाबूत असेल तर ब्लोअर चालू करून मोटरीच्या बुडावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच दोन टिचक्या मारा. फिरायला लागला तर कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे ठोकळे, झिजलेत. टिचकीनं चालू झालेला पंखा चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी घाटात बंद पडतो. टिचकीनेही हलला नाही तर मोटरीचं सॉकेट काढून त्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला छोटा दिवा, लावा. दिवा पेटला म्हणजे करंट येतोय, दोष मोटरीत. नाही पेटला तर स्विच, रिले, अर्थ यांच्याकडे वळा. मोटर विकत घेऊ नका.

आवाजाचंही वेगवेगळं असतं. पान पंख्यात अडकल्यासारखी फरफर म्हणजे खरंच बहुतेक वेळा लिंबाचं पान किंवा काडीकचरा असतो. गाडी झाडाखाली उभी राहते, काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात. चिमणीसारखी चीं-चीं, विशेषतः सकाळी थंड असताना आणि कमी स्पीडला, म्हणजे बुश, मोटरीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, गेला. डॅशबोर्ड थरथरेल अशी घरघर म्हणजे पंख्याचं पातं तुटलंय किंवा एका बाजूला चिखल बसलाय. दिंडोरीकडच्या एका शेतकरी पाहुण्याच्या पिकअपमधून तर उंदरानं साठवलेले शेंगदाणे निघाले, चांगले मूठभर. पंखा धुऊन परत बसवला, खर्च शून्य.

कधी चालतो, कधी बंद पडतो, मध्येच जळकट वास येतो, अशी तक्रार असेल तर सॉकेट काढून आतल्या पिना बघा. पांढरं किंवा करडं प्लास्टिक तपकिरी पडलंय, वितळलंय? मग मोटर नवी आणा की जुनी, त्याच सॉकेटात खुपसलीत तर महिनाभरात तीही जळणार.

कुठला तुकडा जुना घ्यावा

माझं मत ठाम आहे. रेझिस्टर जुना घेऊ नये. त्याची किंमत मोटरीच्या मानानं थोडी असते आणि तापून-निवून तो किती थकलाय हे बाहेरून कळत नाही. मल्टिमीटरवर आज ठीक दाखवेल, उद्या फ्यूज उडेल. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते नवं महाग पडतं, त्यामुळे लोक जुनं घेतात. घ्यायचंच असेल तर स्वतःच्या गाडीत लावून सगळे स्पीड बघूनच पैसे द्या. बॅटरीवर ते असं सहज तपासता येत नाही.

मोटर आणि पंखा जुने घ्यायला हरकत नाही, आणि दोन्ही जोडलेला सेटच घ्या. जुन्या मोटरीवरून पंखा उपटताना मधला प्लास्टिकचा गाभा तडकतो. तडा दिसत नाही, पण फुल स्पीडला पंखा दांड्यावर सरकायला लागतो. स्विच जुना चालतो. सॉकेट तर जुनंच बरं पडतं, फक्त दुकानदाराला सांगा, ‘दादा, वायर वीतभर लांब ठेवून कापा.’ मुळाशी कापलेलं सॉकेट जोडायला गेलात की अंधारात हात आत घालून सोल्डरिंग करावं लागतं.

एक तिसरी वाटही आहे. तुमची मोटर फक्त कार्बनमुळे थांबली असेल तर ती वाइंडिंगवाल्याकडे न्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे मोटरी उघडणाऱ्या हातांची वानवा नाही. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग, फार खड्डे पडलेला नसेल आणि कवच उघडण्यासारखं असेल तर कार्बन बदलून आणि बुशला तेल देऊन तीच मोटर काही वर्षं चालते. कवच चहूबाजूंनी दाबून बंद केलेलं असेल तर मात्र कारागीर मान हलवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

जुना पीस हातात घेऊन निघा

गाडीचं नाव सांगून पार्ट मागणं म्हणजे ‘पांढरा शर्ट घातलेला माणूस पाहिलात का’ असं सीबीएस बसस्थानकावर विचारण्यासारखं आहे. एकाच नावाच्या गाडीत चार वर्षांत दोन वेगळ्या मोटरी येऊन गेलेल्या असतात. पेट्रोल-डिझेलचा, साध्या एसीचा आणि ऑटोमॅटिकचा फरक पडतो. शिवाय स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या मोठ्या गाड्यांत मागच्या एसीला वेगळा ब्लोअर असतो. ‘पुढचा का मागचा?’ असा प्रश्न आला तर गोंधळू नका.

मोटर काढली की तिच्या बुडावर किंवा बाजूला लेबल किंवा कोरलेला नंबर सापडतो. ह्युंदाईच्या ब्लोअर मोटरीचा नंबर ९७११३ ने सुरू होतो, टोयोटाचा ८७१०३ ने. त्यापुढचे आकडे-अक्षरं मॉडेल सांगतात. त्याचा फोटो काढा. लेबल पुसलं असेल तर आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि नंबर व नव्याचा भाव विचारा. नव्याचा भाव माहीत असणं हीच घासाघिशीतली अर्धी ताकद. बऱ्याचदा लेबलवर गाडीच्या कंपनीचं नाव नसून मोटर बनवणाऱ्याचं असतं, सुब्रॉस, डेन्सो, व्हॅलिओ वगैरे. त्याला डुप्लिकेट समजू नका, कारखान्यातून गाडीत तोच माल बसून आलेला असतो.

पीस सोबत नेणं शक्य नसेल, म्हणजे गाडी रोज लागते आणि तोवर उघडी ठेवता येत नाही, तर चार फोटो काढा: लेबल, सॉकेटच्या पिना समोरून, स्क्रूची भोकं दिसतील असं बूड, आणि पट्टी शेजारी ठेवून पंख्याचा व्यास व उंची. पाच मिलिमीटरनं उंच पंखा डब्यात घासतो, आणि हे दुकानात कळत नाही.

नाशिकमध्ये कुठे फिरायचं

जुन्या लोकांना विचाराल तर ते अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजाराचं नाव घेतील. तो बाजार महापालिकेनं जानेवारी २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून हटवला. तेव्हापासून हा धंदा एका जागी बांधलेला नाही. दुकानं विखुरली, काही त्याच भागात परत उभी राहिली, काही उठली. म्हणून ‘अमुक गल्लीत जा’ असं मी छातीठोक लिहीत नाही. मी स्वतः असं करतो: द्वारका ते सारडा सर्कलच्या पट्ट्यात गॅरेजवाल्यांची आणि ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकानं आहेत, तिथे ज्याच्याकडे गाड्यांची रांग आहे अशा एखाद्या एसीवाल्याकडे उभं राहायचं. चहा सांगायचा. ‘भाऊ, या मॉडेलची गाडी कुठे कटलीय का?’ असं विचारायचं. कटलेली गाडी म्हणजे अपघातात टोटल लॉस झालेली किंवा म्हातारी होऊन तोडायला आलेली. कोणाकडे कुठली गाडी कटली हे एसीवाल्याला ठाऊक असतं, आणि त्याच्या ओळखीनं गेलात तर माल परत घ्यायला दुकानदार कुरकुर करत नाही. एसीवाला त्याचं कमिशन घेणारच. घेऊ द्या.

आपल्या भागात बोलेरो, स्कॉर्पिओ आणि मारुतीच्या छोट्या गाड्या उदंड, त्यामुळे त्यांचा माल लवकर हाती लागतो. २००७ मध्ये आलेली लोगन आणि पुढे तिचीच झालेली व्हेरिटो तर इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात बनायची, तीही अजून कुठे ना कुठे अंगणात उभी दिसते. स्कोडा, फोर्ड, शेव्हरोलेवाल्यांना मात्र मुंबई गाठावी लागू शकते. कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी नावाजलेला आहे. पण हिशोब करा: जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर, टोल, पेट्रोल, दिवस. आणि माल चुकीचा निघाला तर पुन्हा तेवढंच. एका ब्लोअर मोटरीसाठी मी जाणार नाही. दुसऱ्या कामानं जाणारा भाचा असेल तर जुना पीस त्याच्या पिशवीत टाकून देईन.

ऑनलाइन जुना पार्ट मागवायचा असेल तर एकच अट घाला. त्या मोटरीचं लेबल दाखवत, ती बॅटरीला लावून चालवलेला व्हिडिओ मागा, मध्ये न तोडता. नुसता फोटो पाठवणाऱ्याला आधी पैसे पाठवायचे नाहीत.

दुकानात : घाई न करता दहा मिनिटं

‘एकदम पॅक माल आहे शेठ, गाडी काल कटली.’ हे वाक्य ऐकू येणारच. हसायचं आणि मोटर हातात घ्यायची.

पहिल्यांदा वास. नाक मोटरीच्या भोकांजवळ न्या. जळलेल्या वार्निशचा तिखट वास आला तर खाली ठेवा, पुढे काही बघायचं नाही. मग गंज. लोखंडी कवचावर वरवरची तांबूस झाक चालते, पण पापुद्रे निघत असतील तर या मोटरीत पाणी गेलंय. दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजणाऱ्या आपल्या गावात ही तपासणी जरा जास्तच करावी. ऑगस्ट २०१९ सारखा पूर येऊन गेला की पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे तोडायला येतात, आणि त्यांचे पार्ट पुसून-पासून विकायला लागतात. पुराची खूण मोटरीवर पुसली तरी पंख्याच्या पात्यांच्या बेचक्यात राहते. तिथे नख घालून बघा. रस्त्याची धूळ करडी आणि भुसभुशीत असते. पुराचा गाळ चिकणमातीसारखा घट्ट बसलेला असतो आणि निघतो तो खपलीसारखा.

आता पंखा बोटानं फिरवा. तो सहज फिरून, हळूहळू मंदावत थांबला पाहिजे. एका ठिकाणी अडखळला, खरखरला तर नको. दांडा धरून आडवा हलवा. बुशमध्ये खळखळ लागली तर ही मोटर गाडीत गेल्यावर गाणार. पात्यांवरून बोट फिरवा, एखादं तुटलेलं नाही ना. कुठे कुठे पात्यावर छोटी धातूची चिमटी लावलेली दिसेल. ती घाण समजून काढू नका, पंखा समतोल फिरावा म्हणून ती कारखान्यात लावलेली असते.

तुमचा जुना पीस शेजारी उलटा ठेवा. भोकं जुळतात का, सॉकेट तेच का, पात्यांचा बाक त्याच दिशेला आहे का, हे तिन्ही बघा. बाकाकडे फार कमी लोक लक्ष देतात. या पंख्याची गंमत अशी की तो उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त जोर पार मेलेला असतो. त्यामुळे चुकीची मोटर बसवलेला माणूस महिनोन्‌महिने एसीवाल्याशी भांडत राहतो, ‘गॅस कमी भरला’ म्हणून. वायर जोडताना प्लस-मायनस उलटे झाले तरी हेच होतं.

ट्रकचा माल ठेवणाऱ्या दुकानात गेलात तर लेबलवरचा व्होल्टेज वाचा. कार १२ व्होल्टची, मोठे ट्रक २४ चे. चोवीसची मोटर तुमच्या गाडीत फिरेल, पण आजारी माणसासारखी.

नंतर बॅटरी. ‘दादा, जरा लावून दाखवा.’ या वाक्यावर ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याच्या दुकानातून निघायचं. दुकानातली बॅटरी मेलेली असते असाही अनुभव आहे, म्हणून मी गाडी दुकानासमोर आणतो आणि स्वतःची बॅटरी वापरतो. चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. दोन जाड वायरी घ्या, त्यातल्या प्लसच्या वायरीत फ्यूज घालून ठेवा. मोटर घट्ट धरा, बोटं पात्यांपासून लांब, कारण सुरू होताना ती हातात झटका देते. शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातला पंचा, सगळं आवरून.

फुल स्पीडला पाच मिनिटं चालू द्या. आवाज एकसुरी हवा. मग मोटरीच्या कवचाला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर नको. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा, असेल तर करंट बघा, छोट्या गाडीच्या मोटरीला फुल स्पीडला साधारण दहा-पंधरा अँपिअर लागतात, मोठ्या गाडीच्या मोटरीला वीसच्या आसपास. मात्र क्लॅम्प डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजणारा असावा. घरगुती वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजतो आणि इथे शून्य दाखवतो. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुतेक १० अँपिअर असते, तो मध्ये घालून जाळू नका.

खरी परीक्षा कमी स्पीडला असते, आणि ती दुकानदार स्वतःहून घेत नाही. फुल स्पीडच्या घोंघाटात बुशची चीं-चीं ऐकू येत नाही. माझी युक्ती जुनीच आहे. हेडलाइटचा एक बल्ब, ५५ किंवा ६० वॅटचा, वायरीच्या मधोमध जोडतो. म्हणजे करंट आधी बल्बमधून आणि मग मोटरीत. मोटर सावकाश फिरायला लागते, अगदी एक नंबरवर असल्यासारखी. आता मोटर आधी उभी, मग आडवी धरा आणि कान द्या. चिरचिर आली तर बुश संपलाय. बल्ब भलताच तापतो, तो सीटवर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका. मी एकदा ठेवला होता. सीटवर आठ आण्याएवढं भोक आहे.

तेलाचा फवारा मारून गप्प केलेली मोटरही भेटते. दांड्याच्या मुळाशी ओलसर, चकचकीत तेल दिसलं तर ओळखा. ते तेल दोन-तीन आठवडे टिकतं, मग चिमणी परत येते.

भाव आणि चिठ्ठी

नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊन जुनी मोटर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. लोकल कंपनीची नवी मोटर जवळपास तेवढ्यातच मिळत असेल तर तीही बघा. पण माझा कल कारखान्यातून आलेल्या, नीट तपासलेल्या जुन्या मोटरीकडे असतो. स्वस्त लोकल मोटरीत कधीकधी पंखाच असा कच्चा असतो की पहिल्या दिवसापासून थरथर.

जुना पीस दुकानदाराला देऊ केलात तर थोडे कमी होतात. पण तो आजच देऊ नका. आणलेली मोटर चार दिवस नीट चालू द्या, मग द्या. ‘चेकिंग गॅरंटी’ किती दिवसांची ते तोंडावर ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या: तारीख, गाडीचं मॉडेल, मोटरीचा नंबर, रक्कम. दुकानदार स्वतःची खूण म्हणून मोटरीवर रंगाचा ठिपका किंवा ओरखडा मारतो. त्याचाही फोटो काढा. बदलून देताना ‘हा आमचा माल नाही’ हे वाक्य निघतं ते तिथेच.

माल कुठून आला हे विचारायला लाजू नका. कटलेल्या गाडीचा नंबर दुकानदाराला सांगता येतो. डॅशबोर्डचे तुकडे, ओढून तोडलेल्या वायरी, लेबल मुद्दाम खरवडलेलं आणि भाव मातीमोल, असं सगळं एकत्र दिसलं तर सोडून द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणाराही गुन्हेगार ठरतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. एका पंख्यासाठी भद्रकाली ठाण्याच्या बाकड्यावर बसण्याची हौस कोणाला आहे?

बसवताना

बॅटरीची मायनस वायर काढा आणि चहा घेऊन या. हा चहा कामाचा भाग आहे. ग्लोव्हबॉक्सच्या वर डाव्या सीटची एअरबॅग असू शकते, आणि तिच्या सर्किटमधला उरलेला करंट उतरायला काही मिनिटं लागतात. पिवळ्या वायरी किंवा पिवळी सॉकेटं दिसली तर ती एअरबॅगची, त्यांना हात लावायचा नाही.

पुष्कळ छोट्या गाड्यांत मोटर तीन स्क्रूंवर लटकलेली असते आणि खालून निघते. काहींत एक खटका दाबून मोटर फिरवली की सुटते. मोटरीला एक छोटी रबरी नळी जोडलेली असेल तर तिची जागा लक्षात ठेवा. ती मोटरीला थंड हवा देते. परत लावायची राहून गेली तर नवी मोटर आतून भाजत राहील. ज्या गाडीत ब्लोअर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते काम पहिल्यांदाच करणाऱ्यानं घरी करू नये. एसीवाल्याला द्या आणि शेजारी उभं राहून बघा.

मोटर बाहेर आली की रिकाम्या डब्यात टॉर्च मारा. पानं, पिसं, उंदराचं बिऱ्हाड, सगळं हातानं आणि व्हॅक्युमनं काढा. डब्यात पाण्याचे ओघळ दिसले तर काचेखालची जाळी उघडून पाणी जायची भोकं बुजलीत का बघा. ती बुजलेली ठेवून मोटर बदललीत तर पुढच्या श्रावणात हाच उद्योग पुन्हा.

नवी मोटर लावताना स्क्रू आधी तिन्ही हातानं थोडे थोडे पकडवा, मग आवळा. एकच पुरता आवळला तर मोटर तिरकी बसते आणि पंखा घासतो. सॉकेट ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. ग्लोव्हबॉक्स लावायच्या आधीच बॅटरी जोडून एक ते चार सगळे नंबर फिरवून बघा, प्रत्येकी मिनिटभर. चारवर पाच मिनिटं ठेवून मग सॉकेटला हात लावा. ते गरम लागलं तर पिना सैल आहेत, आत्ताच बदला. नवा केबिन फिल्टर त्याच बैठकीत घाला. त्यावरचा बाण हवा कुठल्या बाजूला जाते ते सांगतो, तो बघून.

चेकिंगची मुदत सात दिवसांची असेल तर सहाव्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता चावी फिरवून ब्लोअर एक नंबरवर लावा. खिडक्या बंद, रेडिओ बंद. बुशचा आवाज यायचाच असेल तर तेव्हा येतो, आणि दुकानात न्यायला तुमच्याकडे अजून एक दिवस असतो.